मेंढ्या घ्या, माळ मागू नका

मेंढपाळाचं कल्याण कसं करावं, हे आमच्या सरकारला तोंडपाठ आहे. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर घ्या, वर 75 टक्के अनुदान घ्या. चारायच्या कुठे, एवढं विचारू नका. विचारलंच, तर चाकणला या. म्हाळुंगे, निघोजे, सावरदरी, वासुली. एमआयडीसीचा एकेक टप्पा माळ गिळत गेला. कुंपणाआत लॉन, त्याला रोज पाणी. बाहेर मेंढका कंटेनरच्या रांगेतून मेंढरं काढतो आणि गाडीतले साहेब काच खाली करून त्याची आई-बहीण काढतात.

दिवाळी झाली की पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळांचे वाडे कोकणाकडे निघतात, पावसाच्या तोंडावर परततात. हौस म्हणून नव्हे. वाटेतला शेतकरीच बोलावून रानात मेंढरं बसवायचा, लेंडीखताबद्दल धान्य नाहीतर पैसे द्यायचा. चाकणभोवती त्या रानांत आता गोदामं उभी आहेत. पत्र्याला लेंडीखत लागत नाही.

माळ सरकारी नोंदीत 'पडीक'. मग तिथे एकतर कारखाना, नाहीतर वृक्षारोपण. इंदापूर-बारामतीकडे तर कमालच: वनखात्याच्या गवताळ सफारीत लांडगा बघायला पर्यटक पैसे मोजतो. तो लांडगा बऱ्याच अंशी धनगराच्या मेंढरांवर जगतो. धनगर मात्र वनखात्याच्या रानात शिरला की गुन्हेगार.

कायदा आहे की! 2006 चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांची हंगामी चराई मान्य करतो. फक्त अनुसूचित जमातीत नसाल, तर तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करा. ज्याचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने रहिवासाचा पुरावा आणायचा!

जून 2022 मध्ये टांझानियाने लोलिओंडोतलं 1,500 चौरस किलोमीटर कुरण खांब रोवून मासाई पशुपालकांना बंद केलं. गोळ्या सुटल्या, म्हणून जगाने पाहिलं तरी. आमच्याकडे भूसंपादनाची नोटीस येते, तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. मेंढक्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, त्यामुळे त्याचं काही गेलं असं कागदाला वाटतच नाही. मोबदला दूर राहिला, हरकत घ्यायलाही तो पात्र नाही.

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलंय. खांद्यावर घोंगडी, हातात कोकरू, असे फोटो निघतीलच. निघोत. पण चाकणच्या पुढच्या टप्प्याची अधिसूचना काढण्याआधी मेंढरांच्या वाटा, पाणवठे आणि गायरानं नकाशावर आखा, आणि मग उरेल ती जमीन कंपन्यांना द्या.