कातड्यात गुंडाळलेला राजा

जव्हारचा विषय निघाला की कोणीतरी ती गोष्ट सांगतोच. जयबा मुकणे याने वारली नायकापाशी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडून भोवती पसरल्या आणि आत सापडला तो मुलूख आपला केला. ऐकणारे हसतात, राजाच्या चातुर्याला दाद देतात. आम्हांला हे हसणे खटकते.

मुळात ही गोष्ट जव्हारची नव्हेच. कार्थेजच्या डायडो राणीची म्हणून ती व्हर्जिलच्या महाकाव्यात आली आहे. इंग्लंडमध्ये ती हेंगिस्टच्या नावावर खपली. आमच्याकडे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने ती छापली आणि तिला इतिहासाची प्रतिष्ठा मिळाली. छापील अक्षरापुढे आपण किती लवकर मान तुकवतो!

जयबा हा डोंगराळ मुलखातला कोळी. मुकणे गावावरून त्याचे आडनाव पडले. पेठ, धरमपूर, सुरत, काठेवाड अशी वर्षानुवर्षांची भटकंती करून तो जव्हारात स्थिरावला, असे परंपरा सांगते. ५ जून १३४३ रोजी त्याचा पुत्र नीमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, आणि ते राज्य थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. आदिवासी घराण्याने सहा शतके राज्य सांभाळले, हा विषय चर्चेला पुरेसा नाही काय?

त्याच १३४३ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने आपल्या थोरल्या मुलाला वेल्सचा राजपुत्र केले. त्या राजपुत्राच्या कारभाराच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. कॅंटरबरीत त्याची समाधी आहे. जयबाच्या वाट्याला मात्र एक कातडे आले.

आणि तो वारली नायक? त्याला तर नावही नाही. तो फसण्यापुरताच गोष्टीत येतो. वारल्याची जमीन त्याच्या भोळेपणामुळे गेली, असा निष्कर्ष मग आपसूक निघतो आणि सावकाराची वही, जमीनदाराची वेठ, वनखात्याची हद्द ही सारी निर्दोष सुटतात. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हाही ‘अडाणी लोक’ हे स्पष्टीकरण सुशिक्षितांच्या जिभेवर तयार होते. या दोन गोष्टींची जात एकच.

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. सरकारला जे पटले, ते आमच्या इतिहासलेखकांना का पटू नये? वांगणीच्या म्हाताऱ्यांपाशी बसून त्यांचा जयबा कोण आणि त्या नायकाचे नाव काय, एवढे तरी त्यांनी विचारावे.