ध चा तिसरा हिस्सा

पन्नास वर्षें जीं उपकरणें चाललीं तीं पुन्हां लिहिण्याचा उपद्व्याप कशाला, असा प्रश्न कित्येक जाणते लोक करितात. आम्हांस तो पटत नाहीं. सॉर्ट, कट, डब्ल्यूसी, डेट हीं लहानशीं उपकरणें लिनक्सवर एका तऱ्हेचीं, मॅकवर दुसऱ्या, आणि विंडोजवर त्या रूपांत मुळींच नाहींत. जळगावच्या महाविद्यालयांत लिनक्सवर लिहिलेली आज्ञावली धुळ्यास घरच्या विंडोजवर चालूं नये, हा काय विद्यार्थ्याचा अपराध? २०१३ सालीं जॉर्डी बोगियानो यांनीं आरंभिलेल्या यूयूटिल्सनें तींच उपकरणें रस्ट भाषेंत, सर्वत्र चालतील अशीं लिहावयास घेतलीं, हें योग्यच झालें. ग्नूचीं उपकरणें तरी कोठें स्वयंभू होतीं? तींही युनिक्सचीं पाहून नव्यानेंच लिहिलेलीं. आजोबांनीं घर नव्यानें बांधलें तें शहाणपण, नातवानें बांधलें तर उधळेपणा!

आमची तक्रार निराळी आहे. नव्या मंडळींची कसोटी एकच: ग्नूशीं तंतोतंत मिळणें, फरक दिसला कीं तो दोष. ही कसोटी हवी, याबद्दल वाद नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें उबुंटु २५.१० नें हीं उपकरणें स्वीकारलीं, तेव्हां नवें डेट फाइलीची वेळ विचारली असतां चालू वेळ सांगूं लागलें, आणि तेवढ्यानें कित्येक यंत्रांवरील अद्ययावतीची आपोआप होणारी तपासणी थांबली.

परंतु ग्नूला मराठी येतें काय? यूटीएफ-८ मध्यें 'धुळे' लिहून डब्ल्यूसीस विचारा: ओळ संपल्याची खूण सोडून बाइट १२, वर्ण ४. पहिल्या इयत्तेंतलें मूल दोन अक्षरें म्हणेल, आणि मूलच बरोबर आहे. ग्नूच्या कटनें तर अक्षरें तोडण्याचा पर्याय अनेक वर्षें बाइट तोडण्याच्याच अर्थानें चालविला. देवनागरी वर्ण तीन बाइटांचा. तेव्हां पहिलें 'अक्षर' मागणाराच्या हातीं काय पडणार? ध चा मा झाल्याचें आम्हीं ऐकलें होतें. ध चा तिसरा हिस्सा येथेंच पाहिला! सॉर्टला बाइटांच्या क्रमानें चालविलें तर ळ हा ल आणि व यांच्यामध्यें बसतो. आमच्या वर्णमालेंत तो ह च्या पलीकडचा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांतील कागदपत्रांची नांवनिशी कोणी अशी लावली, तर काळे कासारांच्या आधीं येतील, आणि शोधणारा शेवटीं पाहून रिकाम्या हातानें परतेल.

जुनें घर पाडलेंच आहे, तर जुनी गळती नव्या छपरांत कां न्यावी? यूयूटिल्सचा सर्व मजकूर कोणासही खुला आहे, आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठांत संगणक शिकणारांस वाण नाहीं. त्यांनीं मराठीच्या कसोट्या लिहून त्या मंडळींकडे पाठवाव्या. 'ग्नूही असेंच करितें' असें उत्तर आलें, तर पुन्हां पाठवाव्या.