सौजन्य: गुगल!

रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या सकाळी क्लायंटपुढे प्रेझेंटेशन आणि पाचव्या स्लाइडवर पावसातला मरीन ड्राइव्ह हवाय. मग काय, गुगल इमेजेस, राइट क्लिक, सेव्ह! मनाला फारच टोचलं तर खाली बारीक अक्षरात ‘सौजन्य: गुगल’. अहो, पण तो फोटो काढायला गुगल छत्री घेऊन उभं होतं का? त्याने फक्त फोटो कुठे आहे ते दाखवलं. भिजला तो कुणी वेगळाच.

बरं, हे फक्त आपणच करतो असं नाही. बड्या बड्या कंपन्यांनीही केलंय आणि चांगल्याच पोळल्यात. १२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा डॅनियल मोरेल हा फोटोग्राफर राजधानीतच होता. त्याच संध्याकाळी त्याने तिथल्या विध्वंसाचे फोटो ट्विटरवरून टाकले. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एकाने ते उचलले आणि आपलेच म्हणून पुन्हा टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते तिथून घेतले, गेटी इमेजेसमार्फत जगभर पोचवले, तेही त्या भलत्याच माणसाच्या नावाने! मोरेलने हरकत घेतली, तर एएफपीच आधी कोर्टात गेली. म्हणे, ट्विटरवर टाकलं म्हणजे वापरायची परवानगी दिलीच की! न्यूयॉर्कच्या कोर्टाला हे काही पटलं नाही. २०१३ मध्ये ज्युरीने आठ फोटोंसाठी दोन्ही कंपन्यांना मिळून १२ लाख डॉलर भरायला सांगितले.

आपल्याकडे यासाठी १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढला की हक्क आपोआप मिळतो. नोंदणीची सक्ती नाही, कोपऱ्यात नाव टाकायचीही नाही. हा हक्क फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. जाणूनबुजून ढापला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी सवलत आहे, पण कंपनीच्या ब्रोशरला ‘अभ्यास’ म्हणायची हिंमत तुमचा बॉसही करणार नाही.

याच कायद्यात एक मजेशीर कलम आहे. पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर हक्क पैसे देणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुमच्या लग्नाचे फोटो तुमचे, स्टुडिओचे नव्हेत! (तो कागद सही करण्याआधी वाचा मात्र.) उलट नोकरीचा भाग म्हणून तुम्ही ऑफिससाठी काढलेले फोटो साधारणपणे ऑफिसचे.

मग स्लाइडचं काय? गुगल इमेजेसमध्येच वापर-हक्कांचा फिल्टर आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचे फोटो सापडतात. अटी वाचा, नाव द्यायला सांगितलं असेल तर फोटोग्राफरचं द्या.

आणि तुमचाच सह्याद्रीतला सूर्योदय एखाद्या ट्रेकिंग कंपनीच्या पोस्टरवर दिसला तर? आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख लिहून ठेवा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल अजिबात डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा. मग त्यांना सरळ मेल करा. सोबत बिलही जोडा.