सारखेपणाचा दाखला

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा असली की जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडतो. आणि गेल्या श्रावणात शेजारच्या बिऱ्हाडातले दीड वर्षाचे पोर त्या ढिगात बसकण मारून एकेका चपलेचा जोड हुडकून काढीत होते व जोड जमला की टाळ वाजवावेत तशा दोन्ही चपला एकमेकींवर आपटून हसत होते. "याला साम्य कळते," असे मी म्हणालो मात्र, तोच मुगभाटातून प्रसादाला आलेले, तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक उद्गारले, "अहो, त्याला चप्पल कळते. साम्य कळायला आधी शब्द यावा लागतो."

ही कैफियत एकट्या प्राध्यापकांची नव्हे. पशूंना अमूर्ताचे ज्ञान नाही, असा फैसला जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस देऊन ठेवला होता. आणि डेव्हिड प्रेमॅक यांनी १९८३ साली असे प्रतिपादन केले, की ज्या चिंपांझीला प्लॅस्टिकच्या चिन्हांची भाषा शिकवावी, त्यालाच संबंधांमधील संबंध आकळतो. या पूर्वपक्षाचा पहिला भाग मला मान्य आहे. चपलेला चप्पल जुळवणे हे निव्वळ डोळ्यांचे काम असू शकते. खरा मुद्दा पुढचा आहे: या दोन चपलांमध्ये जे आहे, तेच त्या दोन वाट्यांमध्येही आहे, हे कोणाला उमगते? कारण चपला आणि वाट्या यांच्यात रंग, आकार, उपयोग यांपैकी काहीएक समान नाही; समान आहे तो केवळ संबंध.

आणि नेमकी हीच परीक्षा मॉस्कोतील संशोधकांनी कावळ्यांची घेतली. आपल्या गावकावळ्याचे भाऊबंद असलेल्या करड्या अंगाच्या या कावळ्यांना त्यांनी आधी केवळ सारख्याला सारखे जुळवणे शिकवले. मग एके दिवशी, नवी तालीम न देता, नमुना म्हणून दोन सारख्या आकृत्यांचे पत्ते पुढे ठेवले. कावळ्यांनी त्या आकृत्या ज्यांत मुळीच नाहीत, पण ज्यांतील दोन आकृत्या आपसांत सारख्या आहेत, असे पत्ते निवडले; नमुन्यातील आकृत्या भिन्न असल्या की भिन्नांचा पत्ता निवडला. हा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. मधमाश्यांचा दाखला त्याहून जुना, २००१ चा, व त्या संशोधकांत मंड्यम श्रीनिवासन हे आपल्याकडचेही नाव आहे: गंधांवर शिकलेला सारखेपणाचा नियम माशीने रंगांना लावला. दहा लाखही चेतापेशी नसलेल्या मेंदूत हा नियम मावतो, आणि शब्द तर तेथे एकही नाही!

शब्दवाद्यांना याहून अडचणीची साक्ष मुलांचीच आहे. अमेरिकेत वॉकर आणि गॉपनिक यांनी अशी पेटी मांडली, की तिच्यावर दोन सारखे ठोकळे ठेवले तर ती वाजते, भिन्न ठेवले तर मुकी राहते. अठरा ते तीस महिन्यांच्या बालकांनी दोन-चार वेळा पाहून, पुढे कधी न पाहिलेल्या ठोकळ्यांतूनही योग्य जोडी उचलली. तीन वर्षांची मुले मात्र, जी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक बोलतात, तेथेच गोंधळली, कारण त्यांचे लक्ष एकेका ठोकळ्यावर खिळले. शब्द हे जर साम्यज्ञानाचे कारण असेल, तर कारण वाढताना कार्य का घटावे?

आता मंडनाकडे वळतो: साम्य शब्दाआधी येते खरे, पण ते भेदाच्याही आधी येते का? बौद्ध आचार्य दिङ्नागाचा अपोहवाद म्हणतो, की ‘गाय’ या शब्दाचा अर्थ म्हणजे गायीहून जे भिन्न, त्याची व्यावृत्ती. म्हणजे भेद आधी, साम्य त्याच्या पोटातून. नैयायिक उलट सांगतात: भेद म्हणजे अन्योन्याभाव, आणि ज्याचा अभाव तो प्रतियोगी ठाऊक नसेल तर अभाव कळत नाही. मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. चौदा महिन्यांच्या बालकांवरील २०१६ चे प्रयोगही तिकडेच झुकतात. ‘वेगळे ते निवड’ हा नियम ती बालके बहुधा ‘सारखे ते टाळ’ अशा रीतीने पाळतात. त्याच वर्षी ऑक्सफर्डात पाहिलेली बदकाची पिल्ले मात्र माझा पक्ष काहीसा लंगडा करतात, हे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल: अंड्यातून बाहेर येताच ज्यांनी दोन भिन्न वस्तू फिरताना पाहिल्या, ती पुढे नव्याच भिन्न जोडीमागे गेली. यापुरता निकाल तहकूब.

प्राध्यापकांपाशी शेवटचे अस्त्र होते. "मग तुमचा कावळा कोकिळेचे पोर आपले म्हणून का पोसतो?" मी म्हणालो, "जो फसतो तो साम्यानेच फसतो. त्याला साम्य दिसलेच नसते, तर त्याने ते अंडे घरट्यातून ढकलून दिले असते." त्यांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला, "हा वाक्छल आहे," असे म्हणून ते उठले, ढिगातून कोल्हापुरी चपला पायांत सरकवून जिना उतरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, त्या आमच्या मेव्हण्यांच्या निघाल्या म्हणून, बदलून न्यायला पुन्हा तिसरा मजला चढून आले.