पाते स्वस्त, पण कोणाला?

कुर्ला स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याशा चालीत दाढीचे तीन भाव दिसतात. टपरीवर दुधारी पाते दोन-चार रुपयांना मिळते. गल्लीतल्या सलूनमध्ये दाढीला साधारण पन्नास रुपये पडतात. पुढे लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या मॉलमध्ये लाकडी मुठीचा ब्रश, हाताला जड लागणारा रेझर आणि डबीतला साबण असा संच घ्यायचा म्हटले, तर तेवढ्या पैशांत सलूनमध्ये कित्येक महिने दाढी होईल. गंमत अशी की मॉलमधला संच आणि टपरीवरचे पाते एकाच पद्धतीचे आहेत. ब्रशने फेस काढायचा, एकाच पात्याने दाढी करायची, शेवटी तुरटी फिरवायची. एकीकडे ही पद्धत गरज म्हणून टिकून राहिली, दुसरीकडे हौस म्हणून परतली.

ही पद्धत पुन्हा धरावी का, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. पण सकाळच्या दहा मिनिटांचा, बादलीभर पाण्याचा, कचऱ्याचा आणि एका जुन्या व्यवसायाचा हिशेब त्यात अडकलेला आहे. म्हणून दोन्ही बाजू ऐकून मगच कौल द्यावा.

साध्या रेझरने रोज दाढी करणाऱ्याला काही गोष्टी कोणी न शिकवता कळत जातात. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. दोन-तीन मिनिटे भिजला की तो पाणी पिऊन मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. आपल्याकडे दाढी आधी आणि आंघोळ मग, हा शिरस्ता. शुचितेच्या दृष्टीने तो ठीक असेल, केसाच्या दृष्टीने उलटा आहे. ज्यांना शिरस्ता मोडायचा नाही त्यांनी निदान गरम पाण्यात भिजवलेला पंचा तोंडावर धरावा. ब्रशचे कामही नुसते फेस काढण्याचे नाही. तो गोल फिरला की आडवे पडलेले केस उभे राहतात आणि साबण मुळापर्यंत पोचतो. ट्यूबमधले क्रीम बोटांनी फासणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

पुढचा भाग हाताचा. पाते गालाशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरायचे आणि दाबायचे नाही, रेझरचे वजन पुरते. पहिली फेरी केसांच्या कलाने. अजून खरखर लागली तर पुन्हा फेस लावून आडवी फेरी. उलटा हात सगळ्यांच्या कातडीला मानवत नाही आणि रोज मारायची गरजही नसते. गळ्यावरचे केस गालासारखे सरळ खाली उतरत नाहीत. कोणाचे आडवे जातात, कोणाच्या गळ्यावर चक्क भोवरा असतो. तो बोटांनी चाचपून एकदा ओळखून ठेवावा लागतो. गळ्यावरच्या पुळ्यांसाठी मलमे बदलत बसणाऱ्या बऱ्याच जणांचे दुखणे मलमाने जाणारे नसते, कारण चूक त्यांच्या हाताच्या दिशेत असते.

एकाच पात्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. तीन-पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पुढचे पाते केस किंचित ओढते आणि मागचे तो कापते. कापलेला केस कातडीच्या आत सरकतो. हात फिरवला की गुळगुळीत लागते खरे, पण कुरळ्या, राठ केसांच्या माणसाला तोच केस वाढताना आत रुततो आणि तिथे फोड येतो. एकच पाते केस कातडीच्या पातळीवर कापून थांबते. बोथट होण्याची तक्रार मात्र दोन्ही पात्यांना लागू आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो पात्याला पुरून उरतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जियानलुका रोशोली आणि जेम तासन यांनी सहकाऱ्यांसह 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे कारण मांडले. धार हळूहळू झिजत जाते ही आपली समजूत. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते वेगळेच: केस वाकून धारेवर रेलला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक टवका उडतो.

आता पाणी. जिलेट कंपनीने भारतासाठी काढलेल्या एका रेझरची चाचणी 2002च्या सुमारास एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. भारतात मात्र फसला. तिकडे वाहता नळ होता आणि इथे लाखो घरांत दाढी होते ती मगभर पाण्यात. वाहत्या धारेशिवाय त्या पात्यांतला केस निघेना. कंपनीची माणसे मग इथे येऊन लोकांच्या घरात बसली. जमिनीवर मांडी ठोकून, एका हातात आरसा धरून, अपुऱ्या उजेडात दाढी करणारा माणूस त्यांनी पाहिला. त्यातून 2010 मध्ये ‘जिलेट गार्ड’ आला: एकच पाते, पंधरा रुपयांचा रेझर, पाच रुपयांचे कार्ट्रिज. कुर्ल्याच्या चाळीत ठरलेल्या वेळी पाणी भरून ठेवणाऱ्या कोणालाही ही अडचण अमेरिकेला न जाता सांगता आली असती. दुधारी पात्याचा रेझर मगात एकदा हलवला की साफ होतो. पाणी जपून वापरणाऱ्या घरात जुनी पद्धत का टिकली, याचे उत्तर इथेच आहे.

इथवर पारडे जुन्या रेझरकडे झुकलेले दिसते. पण दुसरी बाजूही हलकी नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. नळ जायच्या आत पाणी भरायचे, डबा घ्यायचा आणि गर्दी वाढण्याआधीची लोकल पकडायची, अशा सकाळी भिजवण-फेस-दोन फेऱ्या हा सोहळा कोणाला परवडतो? घाईतले दुधारी पाते धोक्याचे असते आणि घाई ही या उपनगराची रोजची स्थिती आहे. दुसरे, हात. कंप सुटलेल्या वृद्धाने, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने, जखम लवकर न भरणाऱ्या मधुमेह्याने हौसेपायी उघड्या पात्याचा हट्ट धरू नये. त्यांना विजेवरचा ट्रिमर बरा. चेहरा मुरुमांनी भरलेल्या पोरांनाही तोच बरा, आणि दाढी राखण्याची सध्याची चाल पाहता त्यांना गुळगुळीत गाल हवेच आहेत असेही नाही. पैशाचा मुद्दा तर वाजवीपेक्षा जास्त वाजवला जातो. नावाजलेल्या तीन पात्यांच्या कार्ट्रिजचा एक नग शंभरच्या पुढे जातो हे खरे. पण पाच रुपयांचे कार्ट्रिज आल्यापासून बचतीचा युक्तिवाद बराच लंगडा झाला. आणि मॉलमधला संच घेणाऱ्याने तर बचतीचे नावच काढू नये.

मग सलून. घरच्या रेझरचे गोडवे गाताना खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाचा विसर पडतो. बारा बलुतेदारांपैकी नाभिक धोकटी घेऊन दारी यायचा. कुर्ल्यात गिरण्या आणि कारखाने आले तेव्हा त्याने गल्लीत खुर्ची मांडली. आज तिथे कोकण-मराठवाड्यातला नाभिक आहे आणि उत्तर प्रदेशातला सलमानी समाजाचा कारागीरही. या व्यवसायाला स्वतःची विवेकबुद्धी आहे, हे मुंबईने 1890 मध्ये पाहिले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे त्यांनी ठरवले. रूढीशी आणि स्वतःच्या मिळकतीशी एकाच वेळी घेतलेले ते वैर होते. पुढे करोनात 28 जून 2020 रोजी महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा केस कापायला मुभा मिळाली, दाढीला नाही. त्या काळात अनेकांनी पहिल्यांदाच घरी हात साफ केला आणि त्यातले सगळे खुर्चीत परतले नाहीत. प्रत्येकाने घरीच दाढी करावी असा आग्रह धरताना हे नुकसान कोणाच्या खात्यात मांडायचे?

पण ज्या मुद्द्यावर आम्ही अडतो, तो सलूनच्या खुर्चीखाली आणि घरच्या कचऱ्याच्या बादलीत आहे.

किंग कॅम्प जिलेट यांचा रेझर बाजारात आला त्या 1903 सालात 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझर 90 हजारांच्या वर गेले. त्याआधीचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून वर्षानुवर्षे चाले. जिलेट यांच्या पात्याचे भांडवलच हे की ते टाकून द्यायचे. आपल्याकडे या टाकण्याला एड्सच्या भीतीने नैतिक बळही मिळाले. नव्वदच्या दशकात ‘प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते’ हा आग्रह रुजला. कारागीर कागदातल्या कागदात पाते मोडतो, अर्धे वस्तऱ्यात घालतो आणि दाढी झाली की टाकतो. एचआयव्ही आणि कावीळ ब, क पसरण्याचा धोका त्याने कमी होतो, त्यात तडजोड नको. पण दिवसाला वीस दाढ्या करणारे सलून रोज दहा पात्यांचे वीस धारदार तुकडे बाहेर टाकते. ते जातात कुठे? ओल्या-सुक्या कचऱ्यातून गाडीत, तिथून कांजूरमार्गला किंवा देवनारला. वाटेत कुठेतरी एखादी बाई मोजे नसलेल्या हातांनी पिशवी उघडून बाटल्या वेगळ्या करत असते. गिऱ्हाइकाच्या गालावरचा धोका तिच्या बोटांवर गेला, इतकेच.

कार्ट्रिजवाल्यांनी यात समाधान मानू नये. त्यांचे पाते बोट कापत नाही, पण प्लॅस्टिकमध्ये रुतलेले पोलाद कोणी वेगळे काढत नाही, ते तसेच कचऱ्याच्या डोंगरात जाते. दुधारी पाते निव्वळ पोलाद असते, वितळवता येते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मोटारीच्या सुट्या भागांपासून पत्र्यापर्यंत सगळ्याला भाव आहे. सुटी पाती मात्र कोणी हातात धरायला तयार नसतो, आणि त्यात त्याची चूक नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला पाती टाकायची फट असे. पाते आत, भिंतीच्या पोकळीत पडे. आजही जुनी भिंत फोडली की गंजलेल्या पात्यांचा ढीग निघतो. आपण भिंतीऐवजी दुसऱ्याच्या हातांत टाकतो.

म्हणून आमचा कौल सशर्त आहे. ज्याच्याकडे दहा मिनिटे आणि स्थिर हात आहे, त्याने दुधारी पात्याकडे जरूर वळावे. कातडीला, पाण्याला आणि दीर्घकाळ पाहिले तर कचऱ्यालाही तेच बरे. आठवड्यातून एकदा सलूनची खुर्ची सोडू नये. मानेवरचे केस स्वतःला दिसत नाहीत, कारागिराला दिसतात. घरी पाती टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा, झाकणाला फट पाडावी, भरला की चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत ‘पाती’ लिहावे आणि गाडीवरच्या माणसाला सांगून हातात द्यावा.

एवढ्याने भागणार नाही. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये सॅनिटरी पॅड, डायपर वगैरे विशेष कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. नोंदणी केलेल्या सोसायट्या आणि वसतिगृहांबरोबर ब्युटी पार्लरनाही तिचा लाभ मिळतो. रस्त्याकडेच्या छोट्या सलूनचे पाते त्याच व्यवस्थेत यायला हवे. डबा पालिकेने द्यावा, फुकट द्यावा, आणि कुर्ल्याच्या एल विभागाने महिन्यातून एकदा तो उचलावा. ‘दंड लावला की सुधारतील’ असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पन्नास रुपयांच्या दाढीवर दुकानाचे भाडे काढणाऱ्या कारागिराला दंड लागला तर तो पाती आणखी खोल लपवून टाकेल. घरांसाठी थोडे थांबता येईल, कारण घरचा डबा भरायला वर्षे लागतात. सलूनचा मात्र दोन-तीन महिन्यांत भरतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.