चेंबरात आपलेही नाव

परवा सावलीच्या बाजारात राखेच्या विटा पाडणारा वस्तीतला एक तरुण भेटला. "जयभीम भाऊ," म्हणाला, "हे चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे का असते? आपल्यासारख्याचं तिथं का काम?"

आम्ही त्याला सांगितले ते वाचकांनाही सांगतो.

कामगारांची जशी युनियन, तशी व्यापारी-कारखानदारांची संघटना म्हणजे चेंबर. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर काढले. पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर, नागपुरात १९४४ साली नाग विदर्भ चेंबर झाले. कर, परवाने यांची गाऱ्हाणी त्यांनी सरकारदरबारी नेली.

त्या काळी आपण कुठे होतो? विदर्भातले आपले आजे-पणजे हातमागावर जाडेभरडे कापड विणीत. गिरणीचे कापड आले आणि माग बसले. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथे आपली माणसे मजूर म्हणून लागली. हुनर आपले होते. भांडवल आणि दुकान आपले नव्हते.

खुद्द बाबासाहेबांनी अमेरिकेहून परतल्यावर मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला होता. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्यांबरोबर सरकारी ठेक्यांतही वाटा मागितला. आपण नोकरी लक्षात ठेवली, ठेका विसरलो.

ते काम पुढे नेण्यासाठी २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर, म्हणजे 'डिक्की' स्थापन केली. २०१२ साली केंद्राचे खरेदी धोरण आले. केंद्राची खाती व कंपन्या यांच्या खरेदीपैकी चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा, असे त्यात आहे. नोंदणी झालेल्या लघुउद्योगाला टेंडरचा फॉर्म फुकट मिळतो, बयाणा रक्कमही माफ असते. तरी हा वाटा वर्षानुवर्षे पुरा भरला नाही. त्यात सरकारी अनास्था आहेच, पण आपल्या कितीतरी धंद्यांची नोंदच नाही, हेही खरे.

म्हणून आम्ही त्या तरुणाला म्हटले, "बाबू, आधी उद्यम नोंदणी कर. आधार, पॅन लागते. फी एक पैसाही नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. जातीचा दाखला जवळ ठेव आणि विकलेल्या प्रत्येक विटेची पावती फाड."

चेंबरचे सभासद झाल्याने उद्याच चूल पेटेल असे नाही. नोकरीतला हक्कही सोडायचा नाही. पण ज्याच्या घरी शिलाई मशीन, पिठाची चक्की किंवा विटांचा साचा आहे, त्याने आता स्वतःला नुसता मजूर समजू नये. घरात कोणाचा धंदा असेल, तर या आठवड्यात त्याची नोंद करा. जयभीम!