दाराची दोरी

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी जाण्याचा योग आला. घरच्या माउलीची बोटे संधिवाताने वाकली आहेत, म्हणून परदेशी असलेल्या मुलाने तिला भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, घेऊन दिले होते. आम्ही गेलो तेव्हा ते यंत्र बंद होते आणि माउली मोरीत बसून पातेली घाशीत होती. "फादर, माझ्या हातून दार मोडले," असे ती हळूच म्हणाली. दार उघडू लागताच ते दाणकन खाली आदळे, आणि घरात तर रांगते नातवंड. पाहून गेलेल्या कारागिराने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला होता. मुलाला हे कळविण्याचे धैर्य तिला होत नव्हते.

तिच्या जावयाच्या साहाय्याने आम्ही यंत्र तपासले. प्रथम विजेचा प्लग काढला, पाण्याचा नळ बंद केला, ओट्याला जखडणारे स्क्रू सोडविले आणि यंत्र पुढे ओढून बाजूचे पत्रे काढले. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घातले होते. दोष तेथेच दिसला. अशा यंत्राच्या दाराचा भार दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा पेलतात. प्रत्येक स्प्रिंग एका दोरीने दाराच्या बिजागरीस जोडलेली असते व ती दोरी लहानशा कप्पीवरून जाते. दार खाली येऊ लागले की स्प्रिंग ताणली जाते आणि दारास आवरून धरते. येथे उजवीकडील दोरी तुटली होती. दर वेळी कप्पीवरून घासून घासून ती झिजतेच. माउलीचा यात काही अपराध नव्हता, हे आम्ही तिला तत्काळ सांगितले.

दाराच्या कडेवरील चिठ्ठीवर यंत्राचा नमुना-क्रमांक असतो. तो कळवूनच भाग मागवावा. आम्ही दोन्ही बाजूंच्या दोऱ्या व कप्प्या मागविल्या. एक नवी व एक जुनी ठेवली तर ओढ विषम होऊन दार पिळवटते. शिवाय डावी दोरीही तितकीच झिजलेली होती.

भाग आल्यावर दार पूर्ण बंद ठेवून काम केले, कारण तेव्हाच स्प्रिंगेचा ताण सर्वांत कमी असतो. तरीही ती निसटून उसळू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा होता व स्प्रिंग पकडीने धरली होती. दोरी कप्पीच्या खाचेत बसवून दोन्ही टोके अडकविली. यंत्र ओट्यास पुन्हा जखडेपर्यंत मात्र भांड्यांनी भरलेले कप्पे बाहेर ओढू नयेत. त्या भाराने यंत्र पुढे कलंडते.

शेवटी परीक्षा घेतली. अर्धे उघडून सोडलेले दार जागीच थांबले पाहिजे. ते खाली पडले तर ताण वाढवावा, आपोआप वर गेले तर कमी करावा, पण दोन्ही बाजूंनी सारखाच.

ही परीक्षा आम्ही माउलीलाच घ्यावयास लावली. तिने वाकड्या बोटांनी दार अर्धे उघडले व भीत भीत हात काढून घेतला. दार हलले नाही. त्या रात्री तिने मुलाला दूरध्वनी केला, आणि मोडल्याची व दुरुस्तीची दोन्ही हकिकती एकदमच सांगितल्या.